वासावर जाऊ नका!

केमिकलच्या पोरांना कुठल्याही रसायनाचं नाव सांगा, त्यांना आधी त्याचा वास आठवतो. बेंझाइल अल्कोहोलबद्दल मात्र कुणी वाईट बोलणार नाही. मंद, गोडसर वास, जाईच्या तेलातही ते असतंच. (नाव वाचून भलत्याच आशेने लेख वाचायला घेतलेल्या होस्टेलकरांनी पान उलटावं, हे प्यायचं अल्कोहोल नव्हे!)

दुसऱ्या वर्षापर्यंत आमची त्याच्याशी ओळख व्हायवापुरतीच होती. कॅनिझारोने १८५३ मध्ये बेंझाल्डिहाइडवर अल्कलीची क्रिया करून ते मिळवलं, आणि तेव्हापासून पोरं ती रिअॅक्शन घोकताहेत. खरी गाठ पडली ती ट्रेनिंगला, एका रंगाच्या कारखान्यात. इपॉक्सी कोटिंगमध्ये ते घालतात. उत्कलनबिंदू २०५ अंश आणि फ्लॅश पॉइंट शंभराच्या आसपास, म्हणजे टोल्युइनसारखा पटकन भडका उडत नाही. म्हणूनच लोक गाफील राहतात. तिथले शिफ्टचे काका मात्र गॉगल आणि हातमोज्यांशिवाय ड्रमजवळ फिरकू द्यायचे नाहीत. "डोळ्यात गेलं की गोडवा कळेल," म्हणायचे. ड्रमचं झाकण नीट लागलं नाही तर हवेने त्याचं हळूहळू बेंझाल्डिहाइड होतं आणि बदामाचा वास सुटतो. तीव्र आम्लं आणि ऑक्सिडायझर तर त्याच्या शेजारीसुद्धा नकोत.

इंजेक्शनांतही ते असतं, जंतू वाढू नयेत म्हणून. मोठ्या माणसाचं यकृत त्याचं बेंझोइक आम्ल करतं, त्याला ग्लायसिन जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढून टाकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे जमत नाही. आम्ल साठत जातं, रक्त आम्लधर्मी होतं आणि बाळ श्वासासाठी धडपडू लागतं. अमेरिकेत बाळांच्या नळ्या साफ करायला ०.९ टक्के बेंझाइल अल्कोहोल असलेलं सलाइन वापरलं जायचं. सोळा बाळांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आणि १९८२ मध्ये तिथल्या एफडीएने नवजात बाळांना ते देऊ नका असं कळवलं.

हे सगळं मी सेमिनारसाठी वाचलं होतं. तेव्हा ते फक्त स्लाइड नंबर नऊ होतं.

मग ताईला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ती पालीच्या पिल्लाएवढी दिसायची, आणि माझ्या डोक्यात फक्त स्लाइड नंबर नऊ. शेवटी धीर करून विचारलं, "सिस्टर, ही नळी ज्याने साफ करता त्यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे का हो?" दाजींनी डोळे वटारले. आई हळूच म्हणाली, "अरे, त्यांना कळतं त्यांचं काम!"

सिस्टर चिडल्या नाहीत. त्यांनी एक छोटीशी बाटली माझ्या हातात दिली. लेबलवर घटक म्हणून फक्त सोडियम क्लोराइड आणि पाणी. "इथे प्रिझर्व्हेटिव्हवालं येऊच देत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा फोडायची, उरलं ते फेकायचं. आणि विचारलंस ते बरं केलंस. लेबल वाचणारा नातेवाईक क्वचितच भेटतो."

मी ते लेबल दोनदा वाचलं, मग बाहेर येऊन जिन्यात बसलो.

भाची दीड महिन्याने घरी आली. आता तिला दात येताहेत, आणि माझ्या ऑरगॅनिकच्या जर्नलचा एक कोपरा तिने चावून सपाट केलाय. सबमिशनला सरांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.