सायकली गाडीमागे, नजर रस्त्यावर : यवतमाळ ते उमरखेड

यवतमाळहून आर्णी आणि महागावमार्गे उमरखेडला जाणारा रस्ता ज्यांनी वीस वर्षांपूर्वी पाहिला, त्यांना तो आज ओळखू येणार नाही. तेव्हा समोरून ट्रक आला की एसटी मुरमाच्या पट्टीवर उतरायची आणि खिडकीतून धुळीचा लोट आत यायचा. आज तोच रस्ता नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग 361 म्हणून चौपदरी झाला आहे. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर तशीच उभी आहे. गाड्यांचा वेग मात्र पूर्वीचा राहिलेला नाही.

या रस्त्याने आम्ही दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या आजोळी उमरखेडला जातो. दोन वर्षांपासून कारच्या मागे तीन सायकलीही येतात. लोक वळून पाहतात, थांबलो की चौकशी करतात. शाळेतल्या सहकाऱ्यांनीही इतक्यांदा विचारले, की हा सफर आणि त्यामागची एहतियात एकदा सविस्तर लिहावी असे वाटले.

आमच्या जिल्ह्यात सायकल ही मुळात हौसेची वस्तू नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या आणि खेड्यातल्या कितीतरी मुलींची शाळा त्यामुळे सुटली नाही. वर्गाबाहेर सायकलींची रांग दिसली की त्या दिवशी पट भरलेला असणार, हे आम्हा शिक्षकांना न मोजताच कळते. ज्या मुलीला रोज सायकलवर फिरायची सवय आहे, तिला सुट्टीतही ती हवी असते. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेकडे जाणारे शेतरस्ते सकाळी इतके शांत असतात, की मुलांना मोकळे सोडावे असे वाटते. पण तिथपर्यंतचे शंभरेक किलोमीटर महामार्गावरून मुलांनी सायकलने जाण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून सायकल न्यायची ती गाडीवरूनच.

पूर्वी हे काम एसटी करायची. बसच्या मागे शिडी असे आणि टपावर लोखंडी कठड्याचे कॅरिअर. हमाल किंवा घरातला एखादा धडधाकट माणूस सायकल खांद्यावर घेऊन वर चढे आणि दोरीने कठड्याला बांधे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला आठवणारी माणसेही अजून आहेत. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, आता तो नॅरोगेज मार्ग बंद पडला आहे. नव्या वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गावर 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. ती उमरखेडपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर आपली गाडी आणि आपली दोरी.

कारवर सायकल नेण्याच्या तीन पद्धती आहेत. एक, टपावर रॅक बसवून. पण आमच्याकडच्या काळ्या दांडीच्या सायकलीचे वजन वीस किलोच्या आसपास असते. ती डोक्याच्या वर उचलणे घरातल्या बाईमाणसाला जमणारे नाही, आणि झाडाच्या खाली आलेल्या फांदीचा किंवा पेट्रोल पंपाच्या छताचा विसर पडला तर संपलेच. दुसरी पद्धत म्हणजे डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचा रॅक. तो स्वस्त असतो, पण सगळा भार दाराच्या पत्र्यावर आणि बिजागरीवर येतो. जड सायकलींसाठी तो नव्हे. तिसरी पद्धत आम्ही निवडली. गाडीच्या मागे, खालून, ट्रेलर ओढण्यासाठी असतो तसा मजबूत हुक बसवायचा आणि त्यावर रॅक चढवायचा. सायकली कमरेच्या उंचीवर राहतात, त्यामुळे चढवणे-उतरवणे सोपे जाते.

हा हुक बसवताना शहरातल्या एका वेल्डिंगवाल्याने सांगितले, “आपा, कशाला एवढा खर्च करता? बंपरला दोन अँगल मारून देतो, हलणार नाही.” मुलांच्या अब्बूंनी नम्रपणे नकार दिला, आणि तो नकार महत्त्वाचा होता. आजच्या कारचा बाहेरून दिसणारा बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो, भार पेलण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. हुक गाडीच्या सांगाड्यालाच, त्या मॉडेलसाठी दिलेल्या जागी, नटबोल्टने बसला पाहिजे. ही गाडीत केलेली जोडणी असल्याने आधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे, म्हणजे नंतर वाद होत नाही.

त्यानंतर येतो वजनाचा हिशोब. हुकावर उभा भार किती चालतो हे त्याच्या पट्टीवर लिहिलेले असते. आमच्या हुकावर 75 किलो आहे. रॅकचे स्वतःचे वजन 15 किलो. अब्बूंची सायकल 20, मुलीची 16, धाकट्याची 11. एकूण 62 किलो. तेरा किलो शिल्लक आहेत म्हणून चौथी सायकल चढवायची नाही. गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा त्या क्षणापुरता भार कितीतरी वाढतो. शिवाय वजन गाडीपासून जितके लांब, तितका हुकावर ताण जास्त. म्हणून सर्वांत जड सायकल गाडीला लागून आणि सर्वांत हलकी शेवटी.

रॅकही दोन तऱ्हेचे मिळतात. एकात सायकली दांडीला लटकतात, दुसऱ्यात चाके पन्हळीत बसतात. मुलींच्या सायकलीला वरची आडवी दांडी नसते, तेव्हा लटकवायला जागाच मिळत नाही. आपल्याकडच्या सायकलींना मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पुढची टोपली असा संसारही असतो. पुढच्या चाकावर वरून दाबणारा हुक मडगार्डवर नीट बसत नाही, घसरतो. म्हणून चाके बसवायचा आणि सायकलीची मधली नळी पकडणारा रॅक घ्यावा. दुकानात आपली सायकल नेऊन, प्रत्यक्ष बसवून पाहावे.

बांधताना आमचा क्रम ठरलेला आहे. टोपली, पाण्याची बाटली, पंप, कुलूप असे सुटे काही सायकलीवर ठेवायचे नाही. दोन सायकलींच्या मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे किंवा जाड चादर, म्हणजे पॅडल दुसरीच्या रंगावर घासत नाही. दोन्ही चाके पन्हळीला पट्ट्यांनी आवळायची. पुढचे चाक वाऱ्याने फिरते, म्हणून ते नळीला वेगळे बांधायचे. शेवटी सगळ्या सायकलींना मिळून एक रॅचेटचा पट्टा घालून तो गाडीकडे ओढून घ्यायचा. रबरी दोऱ्यांवर विसंबू नये, धक्का बसला की त्या ताणतात. पट्ट्याचे मोकळे टोक गुंडाळून बांधावे, नाहीतर ते फडफडत चाकात जाते. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येत नाही ना, हेही पाहावे. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. इथे ती शब्दशः लागू पडते.

नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात असतील, तर रॅकवर वेगळा दिव्यांचा संच आणि नंबरप्लेट लावावी लागते. ब्रेक लागला हे मागच्याला दिसले नाही तर तो कसा थांबणार? सायकलीची हँडले गाडीच्या रुंदीबाहेर येऊ देऊ नयेत. मर्यादेपलीकडे बाहेर आलेल्या मालासाठी मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये दंडाची तरतूद झाली आहे. पण दंडापेक्षा शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलस्वाराचा खांदा आठवावा.

यवतमाळ सोडल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर आम्ही पहिल्यांदा थांबतो. नवीन बांधलेले पट्टे याच टप्प्यात सैल पडतात. प्रत्येक सायकल हाताने हलवून पाहायची. सायकलीबरोबर गाडीही हलली तर बांधणी ठीक, नुसती सायकल हलली तर पट्टे पुन्हा आवळायचे. दुसरा मुक्काम सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आर्णीत. बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यामुळे आर्णीचे नाव लांबवर माहीत आहे. तिथे जोहरची नमाज होते, चहा होतो, आणि मुलगी न सांगता गाडीमागे जाऊन पट्टे तपासते. ते काम आता तिनेच घेतले आहे.

या दिवसांत रस्त्यावर कापसाच्या गाड्या असतात, खच्चून भरलेल्या, कधी उलट्या दिशेनेही येणाऱ्या. अंधार पडला की मागे दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून आम्ही उजेडातच पोहोचतो आणि वेग ताशी 80 च्या आत ठेवतो. गावाजवळच्या गतिरोधकावर गाडी अगदी सावकाश घ्यावी लागते, कारण मागचा रॅक खाली टेकू शकतो. मागे घेताना गाडी अडीच-तीन फुटांनी लांब झाली आहे हे लक्षात ठेवून कोणीतरी उतरून उभे राहावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एका मैत्रिणीने विचारले होते. आमच्या कारच्या मागे या रस्त्यावर बहुतेक वेळा कोण असते ते पाहावे. मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मध्ये लहान मूल. वीस किलोची सायकल निसटली तर आम्ही पत्र्याच्या आत सुरक्षित असू. तिच्यासमोर येणाऱ्यांच्या अंगाभोवती काहीही नसते. मागून येणाऱ्याचा जीव ही आपल्याकडे त्या शंभर किलोमीटरपुरती अमानत असते.

उमरखेडला पोहोचलो की आधी सायकली उतरतात, मग सामान. मामू लगेच रॅकही काढायला लावतात. रिकामा रॅक मोहल्ल्यात उभ्या गाडीच्या मागे राहिला तर खेळणाऱ्या मुलांच्या नेमका कपाळाला लागतो. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मुले निघतात. थंडीत धुके असते, कापूस वेचायला निघालेल्या बाया हाक मारतात, “कुणाची गं पोरं तुम्ही?” मुलगी मामूंचे नाव सांगते. नदीकडच्या कच्च्या वाटेवर आम्ही गाडी नेतच नाही. तिथे सायकल बांधून नेण्यापेक्षा चालवत नेणेच बरे.

ज्यांना असा सफर करायचा असेल त्यांनी पहिल्याच दिवशी लांब जाऊ नये. आपल्याच गावाभोवती वीस किलोमीटर फिरून यावे, उतरून प्रत्येक नट आणि पट्टा हाताने पाहावा. एकही सैल झाला नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बिस्मिल्लाह म्हणून निघावे.