तोरणातलं बियाणं



दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. घरोघर सारवण, चुना, गेरू चालू आहे. परवा तालुक्याच्या बाजारात गेलो तर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा टांगलेल्या. घेणारे कोण, तर आपलेच शेतकरी. म्हणून आज दाराच्या सजावटीवर लिहितो. तसं ते पीकपाण्यावरचंच आहे.

आमचं गाव मुळशीकडचं, भाताचं. आता सगळ्या खाचरांत इंद्रायणी. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ च्या संकरातला. उतार चांगला, बाजारात मागणी आहे, आम्हीही तोच लावतो. पण आई विहिरीजवळचं एक खाचर जुन्या उंच आंबेमोहराला ठेवते. तो लोळतो, करपा लवकर येतो, उतार कमी. मी दरवर्षी कुरकुरतो. तिचं उत्तर ठरलेलं, "सणाला भात त्याचाच आन् दाराला तोरणबी त्याचंच."

गेल्या वर्षी आंबेमोहराच्या मळणीला पाऊस आला. मी घाईघाईत, नीट वाळायच्या आत, बियाण्याचं भात प्लास्टिकच्या ड्रममध्ये भरून झाकण घट्ट लावलं. पूर्वी कणगी होती, ती मोडली म्हणून ड्रम. आई तेव्हाच म्हणाली होती, "ओलं हाय अजून, दातानं फोडून बघ." मी बघितलं नाही.

जूनमध्ये झाकण काढलं तर कुबट वास. तरी शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उलगडलं तर अकरा दाण्यांना मोड. शंभरात अकरा म्हणजे ते बियाणं नव्हे, कोंबड्यांचं खाद्य. गावात चार ठिकाणी विचारलं. जुना आंबेमोहर कुणाकडेच उरलेला नाही. पिशवीतला विकत मिळेल, पण आमच्या खाचरातला, आजोबांपासून चालत आलेला, माझ्या आळसानं संपला होता. आईला कसं सांगावं हेच कळेना.

सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर करून माजघराच्या चौकटीकडं बोट केलं. "ते काय टांगलंय?"

गेल्या दिवाळीचं तोरण. लोंब्यांच्या पाच जुड्या, धुरानं काळपटलेल्या. बाहेरच्या दारावरचं चिमण्यांनी दिवाळीनंतर महिनाभरात साफ केलं होतं, पण आतलं तसंच होतं. खाली उतरवलं, हातानं चोळलं, पाखडलं. पाव किलोच्या जरा वर भरलं. परत शंभर दाणे गोणपाटात. पाचव्या दिवशी मोजले, त्र्याऐंशी उगवले होते.

कारण साधं आहे. आई तोरणासाठी लोंब्या निवडते त्या पिकलेल्या, भरलेल्या, निरोगी चुडातल्या. सावलीत वाळवते. मग त्या वर्षभर वाऱ्यावर टांगलेल्या, खाली चुलीची ऊब, त्यामुळे ओल राहत नाही, कीडही कमी. मी ड्रममध्ये नेमकं उलटं केलं होतं. बियाण्याच्या भातात ओल १२-१३ टक्क्यांच्या वर नको, हे मी इथंच दोनदा लिहिलंय!

एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ टाकून त्यात बी बुडवलं, तरंगलेलं काढलं, तळाचं धुऊन सुकवून तरवा टाकला. लावणी २५ बाय २५ सेंटिमीटरवर, एका चुडात दोनच रोपं. पाव किलोत तीन गुंठे लागले. आज ते खाचर पिवळं पडत चाललंय. कडेचं थोडं लोळलंय, पण दाणा भरलाय.

आता खरा वाद. मी म्हणालो, "आई, यंदा तोरण नको, एकेक लोंबी बियाण्याला लागेल." ती म्हणाली, "तोरण नसतं तर बियाणं कुठलं आणलं असतंस?" यावर मी काय बोलणार. शेवटी ठरलं ते असं. आत माजघरात सात जुड्या, बियाण्याच्या. बाहेर ओटीवर दोन जुड्या, चिमण्यांच्या वाट्याच्या. त्या मात्र इंद्रायणीच्या, एवढं तिनं ऐकलं.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी पद्धत लिहितो.

लोंब्यांचं तोरण: दसऱ्याला लोंबी हिरवट असते, ती शोभेला ठीक, बियाण्याला नाही. दहापैकी नऊ दाणे पिवळे झाले की कापा. खाचराच्या मधले, न लोळलेले, करपा नसलेले चूड निवडा. भेसळीची लोंबी लगेच ओळखू येते, ती बाजूला काढा. वीतभर दांडा ठेवून कापा, दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, मग पंधरा-वीस लोंब्यांची जुडी सुतळीनं बांधा. प्लास्टिकची दोरी नको. जोंधळा, बाजरीवाल्यांनी कणसं घ्यावीत, तेही छान दिसतं.

झेंडू: माळेसाठी पूर्ण उमललेली फुलं सकाळी ऊन चढायच्या आत तोडा आणि ओल्या फडक्यात सावलीत ठेवा. पाणी मारलेलं फूल लवकर काळं पडतं. दोन फुलांमध्ये आंब्याचं पान ओवलं तर फुलं कमी लागतात आणि माळ भरून दिसते. वाळलेल्या माळा नदीत सोडू नका, खताच्या खड्ड्यात टाका. संकरित झेंडूचं बी धरू नका, पुढच्या पिढीत फुलं सारखी येत नाहीत. देशी असेल तर जरूर धरा.

कुरडू: बांधावरचे गुलाबी-पांढरे तुरे वाळल्यावरही रंग बऱ्यापैकी धरतात. तांब्यात मूठभर लावले की कोपरा सजतो. काळं बी झडायच्या आत कापले तर पुढच्या वर्षीचं तणही तेवढंच कमी.

आपटा: हे पुढच्या दसऱ्यासाठी. बाजारात बऱ्याचदा कांचनच्या फांद्या आपटा म्हणून विकतात. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनचं पान मोठं आणि मऊ. झाड हळू वाढतं, फांद्या ओरबाडू नका, चार पानं पुरतात.

एवढ्याला खर्च किती? सुतळीचा.

काल संध्याकाळी आईला खाचरावर घेऊन गेलो. गुडघे दुखतात म्हणून बांधावरच बसली. एक लोंबी ओढून चार दाणे काढले, दातानं फोडले आणि म्हणाली, "अजून चार दिस थांब."

म्हणून थांबलोय. तोरण पाडव्याला लागेल. तुमच्या घरच्या तोरणात काय टांगलंय, ते उतरवून फेकण्याआधी शंभर दाणे मोजून बघा.