माळवदावरचं ओझं

'घराची डागडुजी घरच्या घरी' असा विषय संपादकांनी दिला. वाचकांना ओल, रंग, गळका नळ यांवर काही हवं असणार, हे मला कळतं. पण वर्षभर बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली एक भिंत माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

मे २०२५. दोन पिढ्यांपूर्वीचं माळवदाचं, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचा थर असलेल्या सपाट छताचं घर. मुलगा आणि सून ऊसतोडीहून नुकतेच परतलेले, मागे घर सांभाळायला आजी. भिंतीला बाहेरून ताजं सिमेंटचं प्लास्टर, आणि मधोमध पोट सुटावं तसा फुगवटा. ओळंबा सोडला, तर भिंत साडेतीन इंच बाहेर आलेली. मी म्हटलं, पावसाच्या आत वरची निम्मी माती उतरवा. आजी म्हणाल्या, "माती काढली तर गळंल की रं बाबा. दरसाली दोन गाड्या टाकतो, तवा कुठं थांबतंय." मुलानं मान डोलावली, मी गाडीत बसलो. सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात त्या भिंतीचा बाहेरचा पदर एका रात्रीत ढासळला. आतला पदर उभा राहिला म्हणून माणसं वाचली.

'पदर' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्याकडची दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत एकसंध दिसते, पण ती दोन भिंतींची असते. बाहेरून घडीव दगडाची एक, आतून ओबडधोबड दगडाची दुसरी, आणि मधल्या पोकळीत चिपा अन् माती. या दोन पदरांना बांधून ठेवतो तो आरपार दगड, भिंतीच्या पूर्ण जाडीचा. भारतीय मानक १३८२८ सांगतं की उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा एक दगड हवा. एवढा लांब दगड महाग आणि उचलायला जड, म्हणून गवंड्यांनी तो हळूहळू सोडून दिला. मग पावसाचं पाणी मधल्या मातीत मुरतं, माती फुगते, वरून छताचा भार दाबतो आणि पदर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून सिमेंट थापलं की आत शिरलेल्या पाण्याला सुकायला वाट राहत नाही. फुगवटा झाकला जातो, एवढाच त्याचा उपयोग.

माझा सगळ्यात जुना वाद इथेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हापासून मराठवाड्यानं मनाशी ठरवून टाकलं, की मातीनं माणसं मारली. आमच्या व्यवसायातलेही हेच सांगत आले. मी तसं मानत नाही. आरपार दगड नसलेली भिंत आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्या वाढत गेलेलं ओझं, या दोघांनी मिळून माणसं मारली.

हिशेब करून बघा. एक घनफूट कोरडी माती साधारण ४५ किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर आठ इंच थर असेल तर तीन टन, दोन फूट असेल तर नऊ टन. पाऊस पडला की त्याहून जास्त. गळतंय म्हणून लोक माती टाकतात, मातीनं कड्या वाकतात, वाकलेल्या जागी पाणी साचतं, आणि तिथंच पुन्हा गळतं. त्यात पांढरीची माती मिळेनाशी झाली म्हणून शेतातली काळी आणून टाकतात. काळी माती भिजली की फुगते, वाळली की बोटभर भेगा पडतात. छतावर ती कधीच घालू नये.

स्लॅबवाल्यांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. स्लॅब गळला की विटांच्या तुकड्यांचा कोबा, पुन्हा गळला की त्यावर दुसरा, हीच ती जुनी सवय. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. वावरत्या गच्चीवर माणसं आणि सामान धरून मानकात दीडशे किलो भार गृहीत धरतात. आधी पन्हळ साफ आहे का, उतार बरोबर आहे का ते पाहा. नव्वद टक्के वेळा, माझ्या अनुभवात, पाणी तुंबलेलंच सापडतं.

बीडच्या स्लॅबचं आणखी एक दुखणं आहे, ते सांगताना मला वाईट वाटतं. मुकादमाची उचल हातात आली की दसऱ्याच्या आगेमागे स्लॅब पडतो आणि चार-सहा दिवसांत सगळं कुटुंब कारखान्याला निघतं. निदान दहा दिवस आळी करून पाणी धरायचं, ते कोण धरणार? ज्यांनी आयुष्यभराची कमाई त्यात घातली, त्यांच्याच स्लॅबला तहानलेलं ठेवावं लागतं. शेजाऱ्याला पाण्याचे पैसे देऊन जा, एवढं मी प्रत्येकाला विनवतो.

घरच्या घरी करण्यासारखं एक काम आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. महिन्यानं भेग रेघेपुढे सरकली असेल तर रंगाऱ्याला बोलावू नका, इंजिनिअरला बोलवा. फुगलेल्या भिंतीला मात्र स्वतः हात लावू नका. आरपार दगडाच्या बदली आम्ही काँक्रीटचा टाका घालतो. एका बाजूचा दगड पहारीनं हलवून, ठोका न देता, मोकळा करायचा, पलीकडे हात पोचेल एवढं भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. एका वेळी एकच. घाई केली तर भिंत अंगावर येते.

या मे महिन्यात आम्ही आजींचं माळवद उतरवलं. आधी खालून कडीच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधली आणि मगच टिकाव घेतला. वर काळी माती, खाली निळं प्लास्टिक, पुन्हा काळी, मग मुरूम, आणि सगळ्यात खाली लिंबाच्या पाल्यावर घट्ट दाबलेली पांढरी, जेमतेम एक वीत. मूळ गवंड्यानं तेवढीच घातली होती, आणि ती कोरडी होती. मुलगा घमेली मोजत होता. सातशेनंतर त्यानं मोजणं सोडलं. एकदा तो थांबून म्हणाला, "साहेब, तेव्हाच दोन घमेली तुमच्यासमोर काढली असती, तर पुढचं आम्ही केलं असतं." त्या दिवशी गाडीत बसण्याआधी मी शिडी लावून वर का चढलो नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

संध्याकाळी खाली येऊन दोरी पाहिली. सकाळी कडीचं पोट दोरीला घासत होतं. आता दोघांच्या मध्ये माझं अर्धं बोट जात होतं. आजींना दाखवलं, तर त्यांनीही बोट घालून पाहिलं.