कळसूबाईच्या शेवटच्या शिडीखाली

जोगेश्वरी पूर्वेला, माझ्या दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, एका चाळीच्या तळमजल्यावरील खोलीत रुग्णोपयोगी साहित्याचे एक लहानसे केंद्र चालते. वॉकर, कमोडची खुर्ची, व्हीलचेअर, हवेची गादी, डोक्याकडून वर उचलता येणारा पलंग, असे सामान अनामत रक्कम ठेवून न्यावे आणि गरज संपली की परत आणून द्यावे, एवढाच तेथील नियम. 'गरज संपली' या शब्दांचे दोन अर्थ होतात. परत आलेली वस्तू पुसून जागेवर ठेवताना त्यांपैकी कोणता, हे स्वयंसेवक कधी विचारत नाहीत.

गेल्या वर्षी केंद्रातील हवेच्या गाद्यांचे पंप एकामागून एक बंद पडू लागले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी या गादीचे मोल काय, हे ज्यांनी पाठीवरची जखम धुतली आहे त्यांना सांगावे लागत नाही. नव्या गाद्यांसाठी पैसे उभे करायचे ठरले, तेव्हा एका तरुण स्वयंसेवकाने कळसूबाईची कल्पना मांडली. प्रत्येक सहभागी माणसाने आपापल्या परिचितांकडून देणगीचे वचन घ्यायचे, सर्वांनी मिळून शिखर गाठायचे आणि परत आल्यावर देणग्या गोळा करायच्या. वाटाड्या बारी गावचा असेल, डॉक्टर म्हणून मी बरोबर असेन आणि साठीपुढील कोणालाही माझ्या तपासणीशिवाय नेले जाणार नाही, असे ठरले. नावे आली एकवीस. त्यांतील सात जण साठीच्या पुढचे होते.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्राचे हे सर्वोच्च शिखर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिकच्या इगतपुरी तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. पायथ्याच्या बारी गावापासून सुमारे आठ-नऊशे मीटर चढावे लागते. 'इतक्या उंचीवर ऑक्सिजन कमी पडेल का?' हा प्रश्न मला तपासणीच्या वेळी जवळजवळ प्रत्येकाने विचारला. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, कळसूबाईवर त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, असे मी सांगत असे. भीती बाळगायचीच तर ऊन, तहान आणि उतरताना गुडघ्यांवर येणारा भार यांची बाळगावी.

आठ आठवडे सराव केला. आरंभी इमारतीचे जिने, मग पहाटे इस्माईल युसूफ महाविद्यालयाच्या टेकडीवर चढणे-उतरणे. १९३० साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाची टेकडी आमच्या भागातील एकमेव चढ म्हणावा असा चढ आहे. एरवी आम्ही जोगेश्वरीकर चढण्यापेक्षा उतरण्यातच तरबेज. आमची देवीसुद्धा जमिनीखालच्या लेण्यात आहे. सहाव्या शतकातील त्या शैव लेण्यात जायचे तर पायऱ्या उतरून अंधारात जावे लागते. सरावाची मोजपट्टी मी एकच ठेवली होती. चढताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. तुटक शब्द येऊ लागले की वेग कमी करायचा. नाडीच्या आकड्यांवर मी भर दिला नाही, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत आणि आकडा पाहून माणूस उगाच निर्धास्त होतो.

त्या सातांमध्ये एक गृहस्थ होते. त्यांना येथे काका म्हणते. हे लिहिण्यास त्यांची संमती आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय सहासष्ट, बेस्टच्या नोकरीतून निवृत्त. पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. केंद्रातील हवेची गादी आणि व्हीलचेअर तेव्हापासून त्यांच्या घरी आहे. 'डॉक्टर, आम्ही तीन वर्षे घेतच आलोय, एकदा देऊ द्या की,' असे म्हणून त्यांनी नाव नोंदवले आणि सर्वांत अधिक वचने गोळा केली. रक्तदाब सोडला तर त्यांना आजार नव्हता. हृदयाचा आलेख ठीक होता, टेकडीवर ते माझ्याही पुढे असत. त्यांच्या अर्जावर मी बिनदिक्कत सही केली.

रात्रभर प्रवास करून पहाटे चढायला लागण्याची हल्ली जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. झोप न झालेल्या साठीच्या माणसाला अंधारात डोंगरावर नेण्यात कसला पराक्रम? म्हणून आम्ही फेब्रुवारीतील एका शनिवारी दुपारीच जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून बसने निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटी करीत बारीला पोहोचलो तेव्हा डोंगराच्या कडेला अजून थोडा उजेड होता. एका घरी जेवणाची सोय होती. पिठले, तांदळाची भाकरी, ठेचा. काकांच्या पत्नीजवळ त्या रात्री डोंबिवलीहून आलेली पुतणी होती. जेवताना ते दोनदा उठून अंगणात गेले. रेंज कोठे मिळते ते पाहत होते.

वाटाड्या पंचविशीतला होता. अंथरुणावर पडण्यापूर्वी त्याने आम्हांला कळसूची गोष्ट सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. रानात हिंडण्याची तिला आवड. पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली ती अट घालूनच की, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस अट पाळली गेली. मग एकदा घरात पाहुणे फार आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि सरळ डोंगर चढून गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. गोष्ट ऐकून आमच्यातील एक ताई, ज्यांनी नऊ वर्षे सासूबाईंचे सारे केले, एवढेच म्हणाल्या, 'बरं केलं तिनं.' सगळे हसले. काका हसले की नाही, ते माझ्या लक्षात नाही.

सकाळी साडेपाचला निघालो. भातखाचरांच्या बांधांवरून वाट डोंगराला भिडते, वाटेत देवीचे एक छोटे देऊळ लागते आणि त्यानंतर चढ अंगावर येतो. जेथे उभा कातळ आहे तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडीवर मी ज्येष्ठांना एकच गोष्ट सांगत होते. हात कठड्यावर असू द्या, पण अंग वर उचलायचे ते पायांनी. हातांनी ओढत चढले की दम लवकर लागतो. दर वीस मिनिटांनी मी पाणी प्यायला लावत होते. निदान माझी तशी समजूत होती.

नऊच्या सुमारास ऊन तापू लागले. मागे वळून पाहिले तर बारीची घरे काडेपेट्यांएवढी झाली होती. शेवटच्या शिडीच्या अलीकडे थोडी सपाटी आहे, तेथे ताक-सरबताच्या टपऱ्या असतात. त्या सपाटीवर काका एका दगडावर बसले, लगेच उठले आणि उठता उठता त्यांनी वाटाड्याचा खांदा धरला. चेहरा पांढरा, कपाळावर थंड घाम. बसल्या जागी रक्तदाब ११० होता, उभे केल्यावर ८४ वर आला. छातीत दुखत नव्हते, साखर ठीक होती, नाडी जलद पण नियमित होती. टपरीच्या सावलीत त्यांना आडवे केले, पाय सॅकवर उंच ठेवले आणि क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट पाजायला सुरुवात केली.

पिशवीतील बाटली पाहिली तर ती जवळजवळ भरलेली होती. माझ्यासमोर ते फक्त ओठ ओले करीत होते. प्रोस्टेटमुळे लघवीला वारंवार जावे लागते, बरोबर बायका, वाटेवर आडोसा नाही, म्हणून पाणी प्यायचेच नाही असे त्यांनी ठरवले होते. आणि पहाटे पाचला रक्तदाबाची गोळी मात्र नियमाने घेतली होती. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. ती गोळी लिहून देणारी मीच. डोंगरावर जाण्याच्या दिवशी तिचे काय करायचे, हे त्यांना सांगण्याचे मला सुचले नव्हते. इतरांच्या मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रक मी बदलून दिले होते, पण रक्तदाबाची गोळी म्हणजे रोजचीच, असे धरून चालले. वाचकांपैकी कोणी अशा वाटेला जाणार असेल तर त्यांनी औषधांची पिशवीच आपल्या डॉक्टरांपुढे उलटी करावी आणि त्या दिवसापुरते प्रत्येक गोळीचे काय करायचे ते विचारावे. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नये.

'रात्री झोप लागली होती का?' मी विचारले.

'लागते तशी लागली.'

'म्हणजे किती?'

त्यांनी टपरीच्या छताकडे पाहिले. 'दोन वाजता हिची कूस बदलायची असते. चारला परत. ती इथं नाही हे माहीत होतं, पण जाग आलीच. तीन वर्षांत सलग असा तीन तास झोपलो नाही बघा.'

हवेची गादी घरी आली म्हणून कूस बदलणे चुकत नाही, हे मीच त्यांना तीन वर्षांपूर्वी बजावले होते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. ते त्यांनी पाळले होते, आणि म्हणूनच काकूंच्या पाठीवर आजवर एकही जखम झाली नाही. माझ्या तपासणीच्या अर्जात हृदय होते, गुडघे होते, दमा होता, मागच्या शस्त्रक्रिया होत्या. झोपेचा रकाना नव्हता.

अर्ध्या तासात चेहऱ्यावर रंग आला. उभ्याने रक्तदाब १०४ झाला. तेव्हा काका उठून बूट बांधू लागले. शिखर डोळ्यांसमोर होते, शेवटची शिडी आणि तिच्यावरचे छोटेसे देऊळ. 'पंधरा मिनिटांचं काम आहे, डॉक्टर. लोकांनी शिखरावर जायचे पैसे बोललेत. एकवीसच्या एकवीस जणांचं ठरलंय. मी नाही गेलो तर गाद्या कमी येतील.' मी नाही म्हटले. त्यांनी पुन्हा सांगितले. आवाज चढला. ज्या माणसाने दवाखान्यात कधी मान वर करून वाद घातला नाही, त्याने त्या सपाटीवर सगळ्यांसमोर मला विचारले, 'मग सही कशाला केलीत?'

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चुकून केली, असे मी म्हणाले.

वाटाड्याने त्यातून वाट काढली. तो म्हणाला, 'बाबा, आमची आजी आता शिडी चढत नाही. इथूनच नारळ ठेवते. देवीनं कधी नाही म्हटलं नाही.' काका काही बोलले नाहीत, पण बुटाची नाडी त्यांनी सोडली. बाकीचे एकोणीस जण वर गेले. मी खालीच थांबले. वरून भंडारदऱ्याचा जलाशय दिसतो, अलंग, मदन, कुलंग यांची रांग दिसते, असे मी ऐकून आहे. अजून पाहिलेले नाही.

टपरीवालीने सतरंजी दिली. काका तिच्यावर आडवे झाले, पुतणीला फोन लावला, 'जेवली का?' एवढे विचारले आणि फोन छातीवर ठेवला. दोन मिनिटांत ते झोपले. मी अधूनमधून नाडी पाहत होते. झोप साधी होती, थकलेल्या माणसाची. उन्हाची तिरीप पायांवर आली तशी टपरीवालीने आपली ओढणी काठीला बांधून आडोसा केला. मंडळी वरून गलका करीत परतली, तेव्हा तिनेच तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केले. एकोणीस माणसे डोंगरमाथ्याशी कुजबुजत ताक पीत बसली. आम्ही त्यांना उठवले नाही. दोन तास आणि वर दहा मिनिटे झाली, तेव्हा ते आपणहून उठले आणि पहिले वाक्य बोलले, 'किती वाजले? तिची कूस...'

उतरणे हा खरा कसोटीचा भाग. चढताना स्नायू आखडून काम करतात, उतरताना ताणले जात असताना शरीराचा भार रोखून धरतात. म्हणूनच दुखणे त्या दिवशी जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवते. सगळ्यांच्या हाती काठ्या दिल्या, पावले लहान ठेवायला सांगितली, शिड्या तोंड कातळाकडे करून उतरायला लावल्या. काकांच्या पुढे वाटाड्या, मागे मी. या वेळी ते पाणी प्यायले. दोनदा थांबले, करवंदीच्या जाळीमागे गेले, आणि कोणीही तिकडे पाहिले नाही. साडेतीनला आम्ही बारीत होतो.

वचनाचे पैसे जवळजवळ सर्वांनी पूर्ण दिले. एका दुकानदाराने मात्र हिशेब मांडला की, शिखर झाले नाही, तेव्हा निम्मेच. काकांनी ते निम्मे निमूटपणे घेतले आणि पावती फाडली. चार गाद्या आल्या.

केंद्राच्या अर्जात आता एक प्रश्न वाढला आहे. डोंगरावर जाणाऱ्यांच्या नव्हे, सामान नेणाऱ्यांच्या अर्जात. रुग्णाचे नाव, वय, आजार यांच्याखाली ओळ आहे: रुग्णाजवळ रात्री कोण असते आणि त्या व्यक्तीला किती वेळा उठावे लागते? ज्यांचे उत्तर 'एकच व्यक्ती' आणि 'दोनपेक्षा अधिक वेळा' असे येते, त्यांच्याकडे आठवड्यातून एक रात्र स्वयंसेवकांपैकी कोणीतरी जाते. कूस कशी बदलायची ते मी त्यांना शिकवले आहे. गुडघा वाकवायचा, खांदा आणि कंबर एकदम धरायची, घसटत ओढायचे नाही, पाठीमागे उशी. काकांच्या घरी गुरुवारची रात्र ठरली आहे. पहिल्या गुरुवारी ते पहाटे दोनला उठून बसलेच. दुसऱ्या गुरुवारीही. चौथ्या गुरुवारी गेलेल्या मुलाने सकाळी मला निरोप पाठवला: काका सहा वाजेपर्यंत झोपले, काकूंनी मला चहा करायची खूण केली.