पाय कोठे ठेवावे?

मनुष्याने डोके कसे चालवावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात; पाय कोठे ठेवावे याचा विचार क्वचितच कोणी करतो. आम्हांस तो करणे भाग पडले. ती हकीकत वाचकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

बजाज कंपनीने २००५ साली ‘ॲव्हेंजर’ बाजारात आणल्यापासून क्रूझर जातीच्या मोटारसायकली आपल्याकडे सर्वपरिचित झाल्या आहेत. बैठक ठेंगणी आणि पाय ठेवण्याच्या खुंट्या, ब्रेक व गिअर यांसह, पुढे. थाट आरामखुर्चीचा खरा. परंतु आरामखुर्ची खड्ड्यांवरून धावत नाही. पाय पुढे ताणलेले असले म्हणजे धक्का येताच त्यांवर भार देऊन किंचित उठता येत नाही. सारा आघात माकडहाडावाटे कण्यात जातो.

आमचे घर मांजरसुंब्यास, काम बीडला. बालाघाटाचा घाट रोज उतरावा व रोज चढावा. पंचेचाळिशी उलटताच आमच्या कंबरेने तक्रार मांडली. वडील बंधू म्हणाले, “गाडी विकून टाक.” मातोश्रींचा कौल त्यांच्याच बाजूस पडला. एकत्र कुटुंबात एकाची कंबर ही त्याची एकट्याची नसते. मातोश्रींचा दवाखाना, पुतण्यांची शाळा, केजवरून अंबाजोगाईस योगेश्वरीचे दर्शन, सारे तिच्यावर अवलंबून असते.

अखेर मध्यममार्ग निघाला. पुढच्या खुंट्या काढून, थोडे मागे, रुंद फुटबोर्ड बसवावयाचे ठरले. ज्यांनी बजाजची जुनी चेतक चालविली आहे त्यांस ही सोय नवी नाही. सपाट पत्र्यावर पाऊल आणि उजव्या पायाशी ब्रेक, ही तिचीच रीत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील पालटेल असा फेरफार करता येत नाही. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारून घेतले.

काम दिसते तितके सोपे नव्हते. बोर्ड मागे आल्यामुळे गिअरचा दांडा आखूड करावा लागला, टाच व चवडा दोहोंनी दाबता येईल असा लिव्हर घालावा लागला, आणि ब्रेकबरोबर मागचा तांबडा दिवा लागतो ना, हे पुन्हा जुळवून पाहावे लागले. ब्रेकची उंची अशी ठेवली की टाच बोर्डावरच राहावी व चवडा तेवढा वळावा. पाऊल उचलण्यात गेलेला क्षण उतारावर महाग पडतो.

या सोयीस किंमतही आहे. रुंद बोर्ड वळणावर गाडी कलताच रस्त्यास लवकर घासतो. म्हणून आम्ही बिजागरीचे बोर्ड घेतले. ते घासताच वर दुमडतात. पक्के बोर्ड टेकले तर चाक उचलले जाण्याचे भय. तरीही घाटात वेग वळणापूर्वीच कमी करावा लागतो.

कंबर पूर्ववत झाली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बीडहून परतल्यावर आता आडवे व्हावे लागत नाही. वडील बंधू विक्रीची गोष्ट काढीत नाहीत, उलट मागे बसून येतात. वय वाढू लागले म्हणजे घरोघर आवडीच्या वस्तूंवर असाच वाद होतो. टाकून देण्यापूर्वी ती वस्तू आपल्या वयास जुळवून घेता येईल काय, एवढे एकदा पाहावे; आणि जुळत नसेल तर मात्र वडीलधाऱ्यांचे मुकाट्याने ऐकावे.