दौलताबादचा हमामखाना

विट्याच्या माणसास पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या माळावर चढविले, त्यापूर्वीचे दिवस घरोघरच्या वडील मंडळींस चांगले स्मरतात. म्हणूनच की काय, दौलताबादचा किल्ला पाहताना आमचे लक्ष तोफांपेक्षा हत्ती हौदाजवळच्या एका जुन्या स्नानगृहाकडे अधिक लागले.

हमामखाना म्हटले की आपल्या मनापुढे बादशाही चैन उभी राहते. मोगलांच्या राजवाड्यांत तसे खासगी हमाम होते, आणि गुसलखान्यात राज्यकारभाराची खलबतेही चालत. परंतु दौलताबादचे हे अवशेष सार्वजनिक स्नानगृहाचे मानले जातात. अंग रगडण्याच्या खोल्या, ऊन पाण्याची व वाफेची सोय, टाक्या, पाट, नळ, झरोके अशी त्याची रचना आहे.

ही विद्या मुसलमानांनी रोमन लोकांच्या स्नानगृहांवरून उचलली व आपल्या रीतीप्रमाणे बदलली. प्रथम थंड दालन, मग कोमट, शेवटी ऊन. म्हणजे शरीरास एकदम धक्का बसू नये. भिंती जाड, दारे लहान, उजेड घुमटातील छिद्रांतून. म्हणजे ऊब बाहेर जाऊ नये. शंभर चुली पेटविण्याऐवजी एकच भट्टी साऱ्यांचे पाणी तापवी. साचलेल्या पाण्यात डुंबण्यापेक्षा वाहते पाणी अंगावर घेणे त्यांस पसंत. आपल्या घंगाळ-तांब्याच्या स्नानाशी ही रीत किती जुळते, हे वाचकांच्या ध्यानी येईलच.

शुक्रवारच्या नमाजापूर्वी स्नान करावे, असा त्यांचा धर्माचार असल्याने मशिदीच्या आसपास हमाम असे, व कित्येक ठिकाणी त्याचे उत्पन्न धर्मादायाकडे जाई. स्त्रियांसाठी वेळ वा दिवस निराळा. तुर्कस्तानात वरमाया तेथेच सुना हेरीत. आपल्या चहापोह्यांपेक्षा ही परीक्षा अधिक कडक म्हटली पाहिजे!

‘हमामखान्यात सगळेच नागवे’ ही म्हण आपल्या तोंडी आहे. परंतु शिष्टाचार तसा नव्हता. इब्न बतूता हा प्रवासी १३२६ साली इजिप्तमधील मिन्या गावी गेला असता त्यास लोक पंचाही न नेसता स्नान करताना दिसले. त्याने थेट सुभेदाराकडे तक्रार केली, आणि सुभेदाराने हमामाच्या ठेकेदारांकडून यापुढे असे होऊ देणार नाही, असे लिहून घेतले. हाच इब्न बतूता पुढे दौलताबादेसही येऊन गेला.

हमामातही श्रीमंताची बडदास्त निराळी राहत असेलच. तथापि परक्या वाटसरूस व दमलेल्या कारागिरास ऊन पाणी मिळावे, ही नगराची जबाबदारी आहे, हा विचार त्या भिंतींत आहे. आपणही घाट बांधले, पाणपोया घातल्या. परंतु पाणवठ्यावर माणसाची जात विचारली. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट आपल्या सोवळ्याच्या अभिमानास खाली पाहावयास लावणारी आहे. घरोघर उत्तम न्हाणीघरे झाली, हे चांगलेच झाले. परंतु आपल्या अंगणाबाहेरच्या माणसास स्नानाची सोय आहे की नाही, हे पाहणे हाही शुचितेचाच एक भाग आहे, असे आम्हांस वाटते.