चालीची जागा

थॉमस मूरची आयरिश गाणी मी पहिल्यांदा वाचली ती पुण्यात, कॉलेजच्या ग्रंथालयात. बारीक टाइपात छापलेलं समग्र मूर. चित्र नाही, चाल नाही. जुन्या आयरिश चालींवर बेतलेले हे शब्द मला तेव्हा फारच गोडगोड वाटले.

पुढे नोकरीनिमित्त डब्लिनला आले आणि जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात १८४६ची सचित्र आवृत्ती मिळाली. चित्रकार डॅनियल मॅक्लीस, कॉर्कचा. आपल्या गाण्यांना चित्रकारही आयरिशच लाभला याचा मूरला मोठा आनंद होता. या पुस्तकात चित्रं आणि अक्षरं दोन्ही पोलादी पत्र्यांवर कोरून छापलेली आहेत. वेली, हार्प, मानवी आकृती कडव्यांना चहूबाजूंनी बिलगतात. केसासारख्या बारीक रेघेचा माग काढत नजर पानाच्या कडेनं फिरत राहते आणि कडवं वाचायचं राहूनच जातं. कित्येक संध्याकाळी मी अशा एकेका पानावर घालवल्या आहेत.

मग १८०८पासून निघालेले मूळ भाग पाहिले. तिथं जॉन स्टीव्हनसननं बांधलेली पियानोची साथ आणि स्वरलिपीखाली शब्द. ही गायची पुस्तकं होती! मॅक्लीसच्या पानांवर स्वरलिपी नाही. चालीच्या जागेवर वेल चढली आहे. तेव्हापासून कुठलीही सचित्र आवृत्ती उघडली की मी आधी चाल शोधते. अल्स्टरच्या गाण्यांचं १९०४चं पुस्तक मला म्हणूनच प्रिय आहे. त्यात चाली हर्बर्ट ह्यूझनं गोळा केलेल्या, शब्द जोसेफ कॅम्पबेलचे आणि चित्रं त्याच्या भावाची, जॉनची.

पण जीव जडला तो क्वाला प्रेसच्या ‘अ ब्रॉडसाइड’वर. कवी येट्सच्या बहिणीचा, एलिझाबेथचा हा छापखाना. १९०८ ते १९१५ दर महिन्याला एक घडीचं पत्रक, प्रती फक्त ३००, चित्रांत रंग हातानं भरलेले. चित्रं भाऊ जॅकची: खलाशी, घोडे, जत्रेतली माणसं. जाड, ठसठशीत रेघ. लाल-निळा रंग मोकळ्या हातानं लावलेला. मॅक्लीसची माणसं स्वप्नातली, जॅकची रस्त्यावरची, आणि या पत्रकांतली गाणीही रस्त्यावरच वाढलेली. १९३५च्या नव्या मालिकेत तर चित्राबरोबर चालही छापली गेली. कवी येट्स आणि एफ. आर. हिगिन्स तिचे संपादक.

माझी मुलगी फिडल शिकते. मॅक्लीसची पानं तिनं हळुवार उलटली, “किती सुंदर!” म्हणाली आणि पुस्तक मिटलं. १९३५च्या पत्रकाची छायाप्रत पुढे केली तेव्हा चित्राकडे तिनं ओझरतंच पाहिलं. “आई, ही चाल वाजवून बघू?” दुसऱ्या आवर्तनाला मीही शब्द धरले. श्वास कुठं घ्यायचा ते आता चालच सांगत होती.